कैदी पळाला, पण का?

तुरुंगाला आग लागली आणि कैदी पळाला, तर तो गुन्हेगार ठरतो का? जुन्या इंग्लिश कायद्यात तुरुंग फोडणे हा गंभीर अपराध होता. तरीही जळून मरायला थांबला नाही म्हणून कुणाला फाशी द्यायची नाही, हे तिथे मान्य झाले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये एका निकालात हाच दाखला दिला.

आगीचे ठीक, पण कैद्याच्या जिवावर माणसेच उठली असतील तर? कायद्याची पुस्तके पहिल्याला ‘निरुपाय’ म्हणतात, दुसऱ्याला ‘धाक’. कोठडीत मात्र हा फरक फारसा उरत नाही.

मिसुरीतल्या एका कैद्यावर सहकैद्यांनी सामूहिक बलात्कार केले. तक्रार केल्यावर त्याला सांगण्यात आले: लढ, सोस, नाहीतर कुंपण ओलांड. १९६७ मध्ये त्याने कुंपण ओलांडले, आणि तीन वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. १९७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कारण काय, तर पळताना त्याच्या मागे कुणी लागलेले नव्हते ना! त्या रात्री कोठडीत येण्याची धमकी मात्र दुपारीच मिळाली होती.

कोंडी फुटली १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लव्हरकॅम्प खटल्यात. सहकैद्यांच्या लैंगिक धमक्यांना कंटाळून पळालेल्या दोघी जवळच्याच गवताच्या शेतात सापडल्या. अपील न्यायालयाने त्यांचा बचाव ग्राह्य धरला, पण पाच अटींवर. मृत्यूचा, बलात्काराचा किंवा जबर दुखापतीचा धोका तोंडावर हवा. तक्रारीला वेळ नसावा, किंवा आधीच्या तक्रारी वाया गेलेल्या असाव्यात. कोर्टात जाण्याइतकी सवड नसावी. पळताना कुणावर हात उगारलेला नसावा. आणि सुरक्षित जागी पोहोचताच स्वतःहून हजर व्हावे.

खरी मेख या पाचव्या अटीत आहे. ज्यांनी तक्रार ऐकली नाही, त्यांच्याच हवाली परत व्हायचे! इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, अंगर खटल्यात, अटी सैल केल्या: त्या सगळ्या पुऱ्या झाल्याच पाहिजेत असे नाही, ज्युरीने त्यांचे वजन जोखावे.

संघराज्याच्या पातळीवर वारे उलटे वाहिले. राजधानी वॉशिंग्टनच्या तुरुंगातून १९७६ मध्ये चौघे खिडकीतून निसटले. आगी, मारहाण, औषधोपचारांची आबाळ, अशी त्यांची कैफियत होती. पण ते एक ते साडेतीन महिने बाहेर राहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बेली निकालात न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिले की धाक ओसरताच परतण्याचा प्रामाणिक प्रयत्न दाखवल्याशिवाय हा बचाव ज्युरीपुढे जाणारच नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी विरोधी मत नोंदवले: समाजानेच जबाबदारी झटकलेल्या जागेतून स्वतःला सोडवणाऱ्याला शिक्षा करायची का, हा खरा प्रश्न. त्यांच्या बाजूला एकटे न्यायमूर्ती ब्रेनन होते.