गोळी मनाची, गडबड पाळीची

पाळी थांबली, संबंधांची इच्छा गेली, मूल नसताना स्तनांतून दूध येतंय. मनोविकाराची गोळी घेणारी बाई ही तक्रार डॉक्टरांकडून उठता उठता सांगते, नाहीतर सांगतच नाही आणि गुपचूप गोळी सोडते. मग मूळ आजार उलटतो. असं होण्यामागे बऱ्याचदा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, असतं.

पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीतल्या पेशी मोकळ्या सोडल्या तर प्रोलॅक्टिन बनवतच राहतात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून येणारं डोपामाईन हे रसायन त्यांना आवरून धरतं. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड ही भासांवरची औषधं डोपामाईनचे डी-2 रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा, अडवतात. त्यानेच भास कमी होतात, पण पिट्युटरीवरचा लगामही सुटतो. त्यातून पिट्युटरी रक्त-मेंदू अडसराच्या, म्हणजे रक्तातून मेंदूत काय शिरावं हे रोखणाऱ्या भिंतीच्या, बाहेर. अमिसल्प्राइड मेंदूत मुश्किलीने शिरतं, पिट्युटरीपर्यंत मात्र सहज पोचतं; म्हणून थोड्या डोसनेही प्रोलॅक्टिन चढतं. चढलेलं प्रोलॅक्टिन मेंदूतल्या किसपेप्टिन पेशींना गप्प करतं, त्यांच्या इशाऱ्यावर सुटणाऱ्या जीएनआरएच हार्मोनचे ठोके मंदावतात, बीजकोशांना चालवणारे एलएच-एफएसएच हार्मोन घटतात, इस्ट्रोजेन आटतं. मग योनी कोरडी, संबंध दुखरे. वर्षानुवर्षं चाललं तर हाडंही ठिसूळ. (अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते तीही याच वाटेने.) यात ना बाहेरची बाधा, ना ‘हार्मोन बॅलन्स’ पावडरीचं काम.

प्रोलॅक्टिन तपासायला रक्त सकाळी, उठल्यावर दोन-तीन तासांनी द्यावं. गर्भवती नसताना साधारण 25 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत ठीक. सुईच्या धास्तीनेही आकडा वाढतो, म्हणून थोडा जास्त आला तर पुन्हा तपासावा. गर्भचाचणी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आधी. ॲसिडिटीची गोळीही दाखवा: तिच्यात पॅन्टोप्राझोलच्या जोडीला अनेकदा डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि तेही प्रोलॅक्टिन वाढवतं! डोकं दुखत असेल, नजरेच्या कडा अंधारत असतील तर पिट्युटरीत गाठ नाही ना हे बघायला एमआरआय.

उपाय मानसोपचारतज्ज्ञानेच करायचे: डोस उतरवणं, प्रोलॅक्टिन फारसं न चढवणारं क्वेटियापिनसारखं औषध देणं, किंवा चालू औषधाला अरिपिप्राझोल, बहुधा 5 मिलिग्रॅम, जोडणं. ते रिसेप्टरला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवट चालूही ठेवतं, म्हणून पिट्युटरीवरचा लगाम टिकतो. अमिसल्प्राइडसोबत हा डाव बहुधा फसतो. डोपामाईनसारखं काम करणाऱ्या कॅबरगोलिनने प्रोलॅक्टिन उतरतं, मात्र मनोविकार उसळण्याचा धोका असतो.

सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांनी ऑरगॅझम लांबतो तो मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनामुळे. तिथे प्रोलॅक्टिनच्या मागे लागून फारसं हाती येत नाही.

आणि प्रोलॅक्टिन उतरू लागलं की पहिली पाळी येण्याआधीच अंडं सुटू शकतं. मूल नको असेल तर मनाचं औषध बदलतानाच गर्भनिरोधक ठरवायचं, पाळीची वाट बघत बसायचं नाही.