तुमचीच ब्रा, तुमचाच स्विमसूट: कृत्रिम स्तनासाठी खिसा लावून घेण्यापूर्वी

स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बऱ्याच जणी आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता घरातल्या सगळ्या ब्रा टाकूनच द्यायच्या का? टाकू नका, आधी आम्हाला दाखवा. कृत्रिम स्तन, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी ब्राच्या आत ठेवायचा आकार, नीट राहावा म्हणून खिसा लावूनच विकल्या जाणाऱ्या खास ब्रा चांगल्या असतात यात वाद नाही. पण नीट बसणारी साधी ब्राही थोड्या शिवणकामाने तेच काम करते, आणि अंगवळणी पडलेल्या कपड्यात वावरण्याचं समाधान वेगळंच असतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. कृत्रिम स्तनाचं वजन ब्रा पेलते. खिशाचं काम एवढंच की तो इकडेतिकडे सरकू नये आणि वाकल्यावर बाहेर डोकावू नये. सैल झालेल्या ब्राला कितीही छान खिसा शिवला तरी तो खिशासकट खाली ओघळणार. म्हणून आम्ही सुई हातात घेण्याआधी फिटिंग बघतो, आणि फिटिंग बरोबर नसेल तर तसं स्पष्ट सांगून काम परत करतो. राग मानू नका.

घाई करू नका

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कापसाचा किंवा मऊ तंतू भरलेला हलका कृत्रिम स्तन वापरतात. वजनदार सिलिकॉनचा वापरायला साधारण ६ ते ८ आठवड्यांनी सुरुवात होते, रेडिएशन चालू असेल तर त्याहून उशिरा. तुमच्या बाबतीत नेमकं केव्हा, हे डॉक्टरांनीच सांगायचं. तोवर सूज असते, माप बदलत राहतं. त्यामुळे आवडती ब्रा या दिवसांत शिवायला देऊ नका.

हलक्या प्रकाराची एक कटकट असते. त्या बाजूला वजनच नसल्यामुळे ब्रा वर चढत राहते आणि दर थोड्या वेळाने खाली ओढावी लागते. यावर साधा उपाय आहे. ब्राच्या खालच्या पट्टीला, त्या कपाच्या बरोबर खाली, बोटभर रुंद इलास्टिकचा तुकडा शिवायचा आणि त्याचं दुसरं टोक छोट्या हुकाने चड्डीच्या कमरेला अडकवायचं. दिसत काहीच नाही आणि ब्रा जागेवर राहते. सिलिकॉनचा वापरायला लागलात की हा तुकडा उसवून टाका.

कोणती ब्रा चालते

आधी माप. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर विसरा. औषधांनी आणि विश्रांतीने वजन वरखाली झालेलं असतं. छातीच्या खाली, बरगड्यांवरून टेप आडवी धरून घेराचं माप घ्या. एकच स्तन काढला असेल तर कपासाठी सरळ गोल माप घेऊन उपयोग नाही, ते कमीच येणार. छातीच्या मधल्या हाडापासून शाबूत स्तनाच्या सगळ्यात उंच भागावरून पाठीच्या कण्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. तिथे ४५ सेंमी भरलं तर पूर्ण माप ९० सेंमी धरायचं. दोन्ही स्तन काढले असतील तर कपाचा आकार तुमच्या मनावर आहे. पूर्वीपेक्षा लहान आकार घेणाऱ्या आणि त्यावर खूश असणाऱ्या अनेक जणी आहेत.

मग ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. दोन कपांच्या मधला भाग छातीला चिकटून बसायला हवा. तो अधांतरी राहत असेल तर कप लहान आहे किंवा घेर सैल आहे, आणि अशा ब्रात कृत्रिम स्तन मधल्या बाजूला घसरतो. कप पूर्ण झाकणारा हवा, अर्धा उघडा नको. काखेकडची बाजू उंच हवी. कपाच्या वरच्या कडेला बारीक इलास्टिक असेल तर उत्तम, कारण शस्त्रक्रियेच्या बाजूला वरचा भाग बहुधा खोलगट होतो आणि सैल कड तिथे उघडी पडते. मागे हुकांच्या निदान दोन ओळी आणि खांद्यावर रुंद पट्टे असावेत. अरुंद पट्टा वजनाने खांद्यात रुततो, काचतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता असते. ब्रा काढल्यावर खांद्यावर किंवा काखेत खोल वळ दिसत असतील तर ती ब्रा बाद.

तारेच्या ब्रांबद्दल आमचं मत जरा कडक आहे. जखम पूर्ण भरेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तार नकोच. नंतरही तार वणावर टेकत असेल, किंवा तिचं टोक सिलिकॉनला लागत असेल, तर ती काढायची. काखेकडच्या टोकाला दोन-चार टाके उसवले की तार ओढून काढता येते. पण तारेच्या आधारावरच बेतलेली ब्रा तार निघाल्यावर ढिली पडते, तेव्हा काढून घालून बघा आणि मगच पुढचा विचार करा.

जाड फोमच्या साचेबंद कपांना आम्ही शक्यतो हात लावत नाही. फोम आणि सिलिकॉन मिळून ती बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसते. याउलट, काढता-घालता येणाऱ्या पॅडच्या स्पोर्ट्‌स ब्रा म्हणजे घबाडच! त्यांत अस्तर आणि पॅडसाठीची फट आधीच असते. पॅड काढायचं, फट थोडी मोठी करून कडा दुमडून शिवायची, झाला खिसा.

खिसा कसा लावतात

शिवणाचा हात असेल तर हे घरीही जमतं, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

कापड मऊ आणि ताणलं जाणारं हवं. रोजच्या ब्रासाठी सुती होजियरी सगळ्यात बरी. ती घाम टिपते आणि सिलिकॉन थेट त्वचेला लागत नाही. धुऊन आटवलेलंच कापड घ्या. ब्रा उलटी करून कपाच्या आतल्या बाजूवर पातळ कागद ठेवा, कडांवर बोट फिरवत आकार उमटवा आणि चारही बाजूंनी १ सेंमी शिवणमाया सोडून कापा. कापडाचा ताण आडवा, म्हणजे मधल्या भागाकडून काखेकडे, यायला हवा. उभा आला तर वजनाने खिसा लोंबतो.

तोंड कुठे ठेवायचं? काखेकडच्या वरच्या कोपऱ्यात, चार बोटं सहज जातील एवढं. मधल्या बाजूला ठेवलं तर पुढे वाकताच कृत्रिम स्तन तिकडेच वाट काढतो. तोंडाची कड आधी दुमडून शिवून घ्या. मग बाकीच्या कडा आत दुमडून, शिवणमाया कृत्रिम स्तनाकडे आणि गुळगुळीत बाजू त्वचेकडे ठेवून, कच्चे टाके घाला. ही उलटसुलट गल्लत फार होते आणि ती महागात पडते. शस्त्रक्रियेच्या जागची त्वचा बऱ्याचदा बधिर असते. शिवण घासत असली तरी कळत नाही, कळतं ते त्वचा सोलवटल्यावर. नवा खिसा वापरायला लागल्यावर सुरुवातीला रोज रात्री आरशात बघून लाली आली आहे का ते तपासा.

पक्की शिलाई हाताने करणार असाल तर धावदोरा नको, कापड ताणलं की तो तुटतो. तिरके, एकमेकांवरून जाणारे सैलसर टाके घ्या. मशीनवर बारीक झिगझॅग टीप आणि होजियरीची, म्हणजे बोथट टोकाची सुई वापरा. दोरा पॉलिएस्टरचा. टाके कपाच्या कडेच्या पट्टीत आणि इलास्टिकच्या शिवणीतच घ्यायचे. कपाच्या मधल्या कापडातून सुई गेली तर बाहेरून ओढल्यासारखं दिसतं.

पूर्ण खिसा नको असेल तर कपाच्या मागे दोन आडव्या इलास्टिक पट्ट्या लावूनही भागतं. घरात वावरायला ठीक, धावपळीला नाही.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: ब्रात कृत्रिम स्तन असताना टाचणी लावू नका, सुई चालवू नका. एक छिद्र पडलं की सिलिकॉन झिरपायला लागतं. ब्रोच आणि पदराच्या पिनेलाही हाच नियम.

खिसा शिवण्याआधी तुमचा कृत्रिम स्तन कोणत्या आकाराचा आहे तेही बघून ठेवा. त्रिकोणी आकाराचे बरेचसे दोन्हीकडे चालतात. दोन्ही बाजू सारख्या नसलेले मात्र डावे-उजवे असतात आणि त्यांचं निमुळतं टोक वर, काखेकडे जातं. खिसा तिथपर्यंत पोचला नाही तर टोक दुमडतं आणि ब्लाउजमधून गाठ दिसते. डाव्या-उजव्याचा हा आग्रह धरणाऱ्यांत रूथ हँडलर होत्या, बार्बी बाहुलीमुळे ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन उद्योजिका. १९७० मध्ये त्यांचा स्तन काढावा लागला. बाजारात जे मिळत होतं ते त्यांना पसंत पडेना, म्हणून त्या दशकात त्यांनी ‘नियर्ली मी’ नावाने स्वतःच कृत्रिम स्तन बनवायला घेतले. बाहुलीपेक्षा हे काम आम्हाला मोठं वाटतं.

पोहण्याचा पोशाख

पाण्यात सगळंच जरा बदलतं. कापसाचा किंवा तंतूंचा कृत्रिम स्तन पाणी पितो आणि जड होऊन लोंबतो, तो घरीच ठेवा. फोमचा हलका प्रकार पाण्यात वर तरंगायला बघतो, त्यामुळे त्याला वरूनही बंद होणारा खिसा लागतो. पोहण्यासाठीचे पारदर्शक सिलिकॉनचे वेगळे मिळतात. रोजचा सिलिकॉनचाही अनेकदा चालतो, पण त्यासोबत आलेल्या माहितीत तसं लिहिलं आहे ना, हे बघून घ्या. पाठीला कापड असलेला असेल तर तो पाणी धरून ठेवतो.

स्विमसूट निवडताना गळा उंच, काखेची कापणी लहान आणि छातीखाली इलास्टिक असलेलं आतलं अस्तर, एवढं पाहिलंत तरी अर्धं काम झालं. छातीवर चुण्या किंवा भरगच्च नक्षी असेल तर दोन बाजूंतला बारीक फरक लपतो. कोरा, एकरंगी, ताणून बसणारा कपडा सगळं उघड करतो. गळा मोठा असेल तर आतून त्याच रंगाचा कापडाचा तुकडा लावून तो वर आणता येतो.

इथे सुती काहीही नको, दोरासुद्धा नको. सुती खिसा पाणी धरतो, ताण सोडतो आणि वाळतही नाही. स्विमसूटच्या अस्तराचं नायलॉन-स्पँडेक्स कापड किंवा ताणणारी जाळी घ्या. जाळीतून पाणी पटकन निथळतं. खिसा अस्तरालाच शिवा, बाहेरच्या कापडाला नाही, आणि तळाची शिवण छातीखालच्या इलास्टिकवर पक्की करा. तिथे इलास्टिकच नसेल तर आधी ते लावा. ते नसताना स्विमसूट ओला झाला की लांबतो आणि खिसा पोटाकडे सरकतो.

तलावावर जाण्याआधी घरी शॉवरखाली परीक्षा घ्या. पूर्ण भिजा, दोन्ही हात वर करा, कमरेतून वाका, जागच्या जागी उड्या मारा. कृत्रिम स्तन जागेवर राहिला तर राहिला. सरकला तर तोंड लहान करून घ्या. तलावातून बाहेर येतानाची एक युक्ती आमच्या ग्राहकांनीच आम्हाला शिकवली: खांदे पाण्यात असतानाच हात छातीवर आडवा धरून हलकेच दाबायचं. खिशातलं पाणी तिथेच निघून जातं आणि शिडी चढताना पुढून धार लागत नाही.

पोहून आल्यावर कृत्रिम स्तन आणि स्विमसूट दोन्ही लगेच साध्या पाण्याने धुवा. क्लोरीन आणि मीठ दोन्ही इलास्टिकचं आयुष्य कमी करतात.

आमच्याकडे काम देताना

ब्रा किंवा स्विमसूट धुऊन आणा आणि कृत्रिम स्तनही बरोबर आणा. नुसत्या मापावरून शिवलेला खिसा क्वचितच पहिल्या फटक्यात बसतो. फिटिंग बंद खोलीत होतं, महिला कर्मचारीच करते, आणि सोबत कुणाला आणायचं असेल तर जरूर आणा. वण दाखवायचा नसेल तर ब्रा अंगावर असतानाही माप घेता येतं. एकदम सगळ्या ब्रा देऊ नका. एकच द्या, दोन आठवडे वापरा, काय खटकतं ते सांगा. बाकीच्या त्यानुसार करू.

कृत्रिम स्तन रोज सौम्य साबणाने हाताने धुवा, टॉवेलने टिपून त्याच्या डब्यात ठेवा, उन्हात वाळवू नका. चुकून छिद्र पडलंच तर वरून चिकटपट्टी लावून तात्पुरतं काम चालवा आणि बदलण्याचं बघा. खिशाच्या ब्रा हाताने, गार पाण्यात धुवाव्यात. वर्षभराच्या वापराने कुठल्याही ब्राचं इलास्टिक सैल पडतं. शेवटच्या हुकावर लावूनही मागची पट्टी वर चढत असेल तर ती ब्रा संपली असं समजा. खिसा चांगला असेल तर उसवून आणा, नव्या ब्राला तोच लावून देऊ.