नायट्रिकवर भुसा टाकू नये

सातपूर-अंबडच्या मशीन शॉपमध्ये जमिनीवर ऑइल सांडलं की हेल्पर काय करतो, हे नाशिककराला सांगायला नको. कोपऱ्यातलं भुशाचं पोतं ओढायचं, दोन घमेली भुसा पसरायचा, झाडू फिरवायचा. पाच मिनिटांत जमीन कोरडी. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आधीच्या हेल्परचं बघून तो शिकलेला असतो, आणि ऑइलपुरतं ते बरोबरही आहे. आता ठेकेदाराने त्याला उद्या शेजारच्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात, धाडलं आणि तिथे नायट्रिक ॲसिडचा कॅन लवंडला, तर त्याचा हात आधी भुशाच्याच पोत्याकडे जाणार.

भुसा म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे जळण. तीव्र नायट्रिक ॲसिड हा जबरदस्त ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःजवळ बाळगून असलेला पदार्थ. दोघांची गाठ पडली की मिश्रण तापतं, तांबूस-तपकिरी धूर निघतो आणि ढीग पेटूही शकतो. तो धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याची खोड अशी, की श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, घसा चुरचुरतो, मग बरं वाटतं. माणूस शिफ्ट संपवून घरी जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साठून त्याला धाप लागते. तोवर डॉक्टरला कामाच्या जागेबद्दल सांगायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. नायट्रिक सांडलं तर माणसं लांब करायची, हवा खेळती ठेवायची, कोरडी वाळू टाकायची, मग ॲसिड मारायला सोडा ॲश (धुण्याचा सोडा) किंवा चुना बेताबेताने. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं. पण सांगितलेलं असावं लागतं.

हे सांगायची जबाबदारी कायद्यानेही टाकलेली आहे. भोपाळची दुर्घटना १९८४ ची. तिच्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम. ते २००८ मध्ये बदलले, नंतर २०१६ मध्ये पुन्हा. या २०१६ च्या नियमांत कारखानदाराच्या जबाबदाऱ्या सांगणारा चौथा नियम आहे. जागेवर काम करणाऱ्यांना सुरक्षिततेसाठी लागणारं प्रशिक्षण, साधनं आणि माहिती द्यायची, असं तो स्पष्ट म्हणतो. मात्र प्रशिक्षण किती वेळाचं, कुठल्या भाषेत, शिकवायचं काय, हे त्यात लिहिलेलं नाही. ते कारखान्यावर सोडलेलं आहे, आणि गाडी तिथेच घसरते. बऱ्याच ठिकाणी जेवणानंतर कॉन्फरन्स रूममध्ये पडदे ओढून इंग्रजी स्लाइड्स दाखवल्या जातात. शेवटी सह्यांचा कागद फिरतो, आणि ऑडिटला तो कागदच लागतो.

माझं मत विचाराल तर वर्ग प्लेटिंग शॉपच्या मोरीपाशी भरवावा. नाशिकमध्ये स्विचगिअरचं (वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचं) आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं काम मोठं, त्यामुळे अशी छोटी-मोठी शॉप्स बरीच. विजेच्या कॉन्टॅक्टवर चांदी चढवायची तर बहुतेक सायनाइडची बाथ, म्हणजे द्रावणाची टाकी, लागते. क्रोमच्या लाइनला क्रोमिक ॲसिड असतं. जॉब, म्हणजे मुलामा दिलेला भाग, धुतल्यावर दोन्हीकडून जे पाणी निघतं, त्याच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. का, ते सायनाइडपासून बघू.

सायनाइड पाण्यात शांत बसतं ते पाणी भरपूर अल्कधर्मी असेपर्यंत. ते मोजायचा आकडा म्हणजे पीएच: सातच्या वर अल्कधर्मी, खाली आम्लधर्मी. पीएच ९.२ ला निम्मं सायनाइड हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं, आणि हा उडून जाणारा जहाल विषारी वायू. पीएच ७ वर आला, म्हणजे पाणी साध्या पाण्याइतकं उदासीन झालं, की ९९ टक्क्यांहून जास्त सायनाइड या रूपात गेलेलं असतं. त्यात ॲसिडची बादली ओतली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. त्या वायूला कडू बदामाचा वास येतो म्हणतात, पण काही लोकांना तो वास जन्मतःच कळत नाही. नाकावर भरवसा ठेवून चालणार नाही.

सायनाइड मारायला हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचिंगचं रसायन, वापरतात, तेही पीएच दहाच्या वर ठेवून. पीएच घसरला तर सायनोजेन क्लोराइड हा दुसरा विषारी वायू निघतो. क्रोमचा हिशोब नेमका उलटा. क्रोमिक ॲसिडमधला षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियम हा कर्करोगकारक, पाण्यात सहज विरघळणारा. त्याला कमी घातक रूपात आणायचं तर आधी ॲसिड घालून पीएच दोन-तीनवर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. म्हणजे एका टाकीला ॲसिड हवं, दुसरीला ते चुकूनही चालत नाही, आणि दोन्ही टाक्या एकाच शेडमध्ये. रात्रपाळीला नवा माणूस असेल, कॅनवरचं लेबल भिजून गेलेलं असेल, तर नुसतं ‘नियम पाळा’ सांगून काय उपयोग?

क्रोमची प्रक्रिया कामगारांसमोर करून दाखवता येते. हातमोजे, गॉगल घालून, हवेशीर जागी काचेच्या भांड्यात क्रोमचं नारिंगी पाणी घ्यायचं आणि ॲसिड न घालता मेटाबायसल्फाइट टाकायचं. रंग लवकर हलत नाही. मग ॲसिडचे थेंब टाकले की नारिंगी जाऊन हिरवा येतो. नाकाला झोंबणारा वास येतो तो सल्फर डायऑक्साइडचा, म्हणून जागा हवेशीर. आता चुन्याचं पाणी घालून पीएच आठ-नऊच्या घरात नेला की करडे-हिरवे गुठळ्यांसारखे कण तयार होऊन खाली बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. खाली बसलेला गाळ म्हणजेच ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) स्लज, नियमांच्या यादीत ३५.३ क्रमांकाचा घातक कचरा. आणि वरचं पाणी पिवळसर राहिलं तर क्रोम गाळात आलेलंच नाही, ते पाण्याबरोबर निघालं. सातपूरकडून वाहत येणारी नासर्डी पुढे गोदावरीला मिळते, हे तिथे कुणाला नकाशा काढून दाखवावं लागत नाही. हा प्रयोग एकदा पाहिलेला माणूस ॲसिडचा डोस ‘थोडा कमी चालेल’ म्हणणार नाही.

रिकाम्या पिंपाकडे येऊ. यादीत त्याला ३३.१ क्रमांक आहे, आणि कामगारांना सगळ्यात पटत नाही ती हीच गोष्ट. यात कचरा कुठे आहे? थोडा हिशोब करू. रंग पातळ करायच्या थिनरमध्ये बऱ्याचदा टोल्यूइन हा ज्वलनशील द्रव असतो. हवेत त्याची वाफ १.१ ते ७.१ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. २०० लिटरच्या पिंपात १.१ टक्के वाफ व्हायला अवघं १० मिलीलिटर टोल्यूइन पुरतं, म्हणजे चहाचे दोन चमचे. तळाशी एवढं तर राहतंच. शिवाय २५ अंश तापमानाला द्रवाच्या वर साठणारी वाफ साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे नेमकी स्फोटाच्या टप्प्यात. भरलेल्या पिंपात हवेला जागाच फार कमी असते. रिकाम्यात हवा आणि वाफ दोन्ही असतात. अशा पिंपाचं झाकण गॅस कटरने कापायला घेणं म्हणजे पेटलेली काडी आत टाकणं. तरीही पिंप गेटबाहेर भंगारात जातं, तिथे कापलं जातं, नाहीतर कुणाच्या तरी दारात पाणी भरायला उभं राहतं. पाण्याचं पिंप स्वस्तात मिळालं म्हणून खूश होणाऱ्या घरातही हे प्रशिक्षण पोचायला हवं, पण तो वेगळा विषय.

आता वर्गात बसतं कोण ते बघा. कायम कामगार, सुपरवायझर, स्टोअरचा माणूस. कचऱ्याला प्रत्यक्ष हात लावतो तो कंत्राटी हेल्पर, पेठ-सुरगाण्याकडचा नाहीतर बिहार-उत्तर प्रदेशातला. तो दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असतो. त्याच्यासाठी वर्षातून एकदाचा वर्ग बिनकामाचा. शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटांचा, एकाच डब्याबद्दलचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाच्या जागीच उभ्या-उभ्या दिलेली माहिती, त्याच्या कामाचा, तोही त्याला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत. नियम करणाऱ्यांनी भाषेचा विचार लेबलापुरता तरी केलेला आहे. घातक कचऱ्याच्या डब्यावरचं लेबल चमकदार पिवळ्या पार्श्वभूमीचं, त्यावरची सूचना लाल अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, आणि पाण्याने न जाणारं असावं लागतं. आषाढात उघड्यावर ठेवलेल्या पिंपाकडे पाहिलं की शेवटची अट कशासाठी ते कळतं. पिंपं छपराखाली, पक्क्या जमिनीवर हवीत ती त्यासाठीच.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. साठवण साधारणपणे ९० दिवसांपर्यंत, रोजची नोंद, ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वार्षिक विवरण, आणि कचरा बाहेर निघताना सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारं मालाचं पत्रक. ड्रायव्हरजवळ अपघात झाल्यास काय करायचं याचं कार्ड असतं. सिन्नरच्या पुढे हायवेवर टँकर कलंडला तर पोलीस आणि फायर ब्रिगेडला पहिली माहिती त्या कार्डावरूनच मिळणार. म्हणून ते केबिनमध्ये हवं, ऑफिसच्या फाइलमध्ये नको, आणि ड्रायव्हरला ते वाचून समजलेलं हवं.

नाशिक जिल्ह्यातला बराच घातक कचरा रांजणगाव किंवा तळोजा इथल्या सामायिक विल्हेवाट केंद्रांकडे जातो. अशा केंद्रावर गाडी लगेच रिकामी होत नाही. आधी नमुना घेऊन पीएच, ज्वलनशीलता वगैरे तपासतात आणि मॅनिफेस्टवर लिहिलेल्या मालाशी ताडून बघतात. रात्रपाळीला कुणी थिनरच्या चिंध्या स्लजच्या पिंपात कोंबल्या असतील तर त्या इथे सापडतात. मग केंद्रातून कंपनीला फोन येतो, पर्यावरण विभागातला इंजिनिअर पिंपाचा नंबर घेऊन शॉपमध्ये उतरतो, आणि त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं हे हजेरीपटात शोधू लागतो.