इफुगाओची सोपानशेती

फिलिपीन्सच्या लुझॉन बेटावरील कॉर्डिलेरा पर्वतराजीत, इफुगाओ प्रांतातील डोंगरउतारांवर दगडी व मातीचे बांध घालून तयार केलेली पाणथळ भातखाचरे, त्यांना पाणी पुरविणारी राने व पाट आणि त्यांच्या आधाराने वसलेली गावे यांचा समुच्चय. मनिलाहून उत्तरेस सुमारे ३५० किमी. अंतरावरील बानावे हे येथील प्रवेशस्थान असून रात्रीच्या बसने तेथे सकाळी पोहोचता येते. १९९५ मध्ये बाताद, बांगाआन, मायोयाव, हुंगदुआन व नागाकाडान या पाच समूहांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बानावेच्या हमरस्त्यावरील निरीक्षणस्थळावरून दिसणारी आणि फिलिपीन्सच्या २० पेसोंच्या नोटेवर झळकणारी खाचरे या पाचांत मोडत नाहीत. ती १९७३ पासून राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षित आहेत. तेवढीच पाहून परतणाऱ्या प्रवाशाने वस्तुतः वारसास्थळ पाहिलेलेच नसते.

या शेतीचे वय हा तिच्या अभ्यासातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हेन्री ऑटली बायर यांनी ती दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीची मानली. डोंगररांगा हातांनी बांधून काढण्यास किती काळ लागला असेल याचा अदमास आणि बेटांवर मानवसमूह टप्प्याटप्प्याने आले ही त्यांची स्वतःची उपपत्ती, यांवर हा निष्कर्ष उभा होता. उत्खननाचा आधार त्यास नव्हता. तरीही ‘दोन हजार वर्षे’ हा आकडा पाठ्यपुस्तकांत, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि युनेस्कोच्या वर्णनातही रूढ झाला. याउलट मानवशास्त्रज्ञ फेलिक्स कीसिंग यांनी १९६२ मध्ये स्पॅनिश कागदपत्रांच्या आधारे असे सुचविले की, मागात नदीच्या खोऱ्यातील लोक स्पॅनिश सत्तेच्या दडपणामुळे डोंगरात सरकले आणि सोपानशेतीचा विस्तार त्यानंतर झाला. हुदहुद या मौखिक आख्यानगीतांचा अभ्यास करणारे बेल्जियन धर्मोपदेशक फ्रान्सिस लाम्ब्रेख्त यांचा कलही अलीकडच्या कालाकडेच होता. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट माहर यांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या कार्बनमापनावरून (अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या वयावरून) या भागातील काही वस्त्या बऱ्याच जुन्या ठरतात; तथापि वस्तीचा काळ आणि भातखाचराच्या बांधाचा काळ एकच धरता येत नाही.

पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबाडो यांनी बानावे परिसरातील बांधांखालील नमुन्यांच्या कार्बनमापनाचे सांख्यिकीय विश्लेषण करून २००९ मध्ये असे मांडले की, तेथील खाचरे बहुधा सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतर वेगाने पसरली. पुढे इफुगाओतीलच जुन्या किआंगन गावाच्या वस्तीस्थानी झालेल्या उत्खननात आरंभीच्या थरांत अळूच्या कंदांचे अवशेष आढळले. पाणथळ भाताचा ठळक पुरावा मात्र सु. १६५० नंतरच्याच थरांतून मिळतो. या मतानुसार आरंभीची खाचरे अळूची असावीत व त्यांचेच पुढे भातखाचरांत रूपांतर झाले असावे. उपलब्ध पुरावा पाहता अलीकडच्या कालाचे हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र तपासलेली स्थळे थोडी असल्याने सर्व समूहांना एकच कालमर्यादा लावणे धाडसाचे ठरेल. हा कालनिर्णय स्थानिकांना नेहमीच रुचतो असे नाही. परंतु वसाहतवाद्यांना दाद न देणाऱ्या समाजाने काही पिढ्यांत डोंगर बांधून काढले, ही गोष्ट प्राचीनत्वाहून कमी प्रतीची मानण्याचे कारण दिसत नाही.

खाचराची रचना कोकणातील मजगीशी (उतारावर बांध घालून केलेल्या खाचरांशी) परिचित असलेल्या वाचकास समजण्यास कठीण नाही. भेद आहे तो उताराच्या तीव्रतेत, कारण येथे तो काही ठिकाणी ७० अंशांपर्यंत जातो. बांध किंचित आत कललेला असतो. त्यामागे मोठे दगड, खडी, चिकणमाती व सर्वांत वर सुपीक माती अशी भर घालतात. बातादच्या दगडी बांधांतून मधूनमधून लांबट दगड बाहेर काढलेले दिसतात. त्याच पायऱ्या असून वरच्या खाचरात चढताना बाजूला कठडा नसतो. सर्वांत वरच्या खाचराच्या माथ्यावर ‘मुयोंग’ हे कुटुंबाच्या मालकीचे रान राखलेले असते. तेथून झिरपणारे पाणी पाटांनी आणि बांबूच्या पन्हळींनी खाली उतरते, म्हणून रान तुटले की बांधही टिकत नाही. ‘तिनावोन’ हे परंपरागत भात वर्षातून एकदाच पिकते. त्याच्या लोंब्या हातातील लहान पात्याने कापून जुड्या बांधतात. पेरणीपासून कापणीपर्यंतची कामे केव्हा सुरू करावीत हे ‘तुमोना’ हा शेतीप्रमुख ठरवतो, तर विधी ‘मुंबाकी’ हा पुरोहित करतो. कोठारात ठेवलेल्या ‘बुलुल’ या लाकडी मूर्तींना बळीचे रक्त व तांदळाची मद्ये अर्पण करण्याची प्रथा आहे.

समूहांपैकी बाताद हे अर्धवर्तुळाकार उतारामुळे सर्वाधिक प्रसिद्ध आहे. गावात चालत उतरावे लागते, आणि खालच्या अंगास तापिया धबधबा आहे. हुंगदुआनची खाचरे कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरतात, तर मायोयावमध्ये चार खांबांवरील घरे व कोठारे शेतांतच विखुरलेली आहेत. बांगाआन हे खाचरांच्या मधोमध वसलेले छोटे गाव आहे. खाचरे पाण्याने भरलेली पाहावयाची असल्यास वर्षाचे आरंभीचे महिने, तर पिकलेली पाहावयाची असल्यास साधारणतः जून-जुलै हा काळ योग्य होय. उंचीनुसार यात फरक पडतो.

तरुणांचे शहरांकडे स्थलांतर, ढासळलेले बांध व अनियंत्रित बांधकाम यांमुळे २००१ मध्ये हे स्थळ संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेले व २०१२ मध्ये त्यातून वगळले गेले. प्रवाशांच्या राहण्याची सोय गावागावांत वाढली असली, तरी पत्र्याच्या छपरांनी गवती छपरांची जागा घेतल्याचे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता लगेच ध्यानात येते.

पेरणी, कापणी आणि मृताच्या जागरणप्रसंगी मुख्यतः वृद्ध स्त्रिया गातात ती हुदहुद आख्याने दोनशेहून अधिक असून २००८ मध्ये त्यांना अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान मिळाले. बानावेतील इम्बायाह हा उत्सव एप्रिलच्या सुमारास भरतो. त्यात लाकडी स्कूटरांची उतारावरील शर्यत असते. हुंगदुआनच्या हापाव नदीतील ‘पुन्नुक’ ही रस्सीखेच मात्र कापणी संपल्यावरच होते. दोन बाजूंचे लोक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून प्रथम भाताच्या पेंढ्याची ‘किना-आग’ ही आकृती आणि मग आकडे असलेली लाकडे ओढतात. २०१५ मध्ये कंबोडिया, दक्षिण कोरिया व व्हिएतनाम यांच्या ओढाखेचीच्या खेळांसह तिची अमूर्त वारशाच्या याच यादीत संयुक्त नोंद झाली. तिची तारीख पिकावर अवलंबून असल्याने ती आधी बांधता येत नाही. उत्सुक प्रवाशाने बानावेच्या पर्यटन कार्यालयात चौकशी करून मगच मुक्काम ठरवणे इष्ट.