माउंटन बाइक (कोकणातील वापर)

माउंटन बाइक : ओबडधोबड वाटांवर, सुट्या मातीत व तीव्र चढउतारांवर चालवण्यासाठी घडवलेली सायकल. जाड नक्षीदार टायर, सरळ रुंद हँडल, भक्कम सांगाडा, हलके गिअर आणि जोरकस ब्रेक ही तिची लक्षणे. कोकणच्या बाजारपेठांत तिला ‘गिअरची सायकल’ किंवा, मॉडेल कोणतेही असो, ‘रेंजर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील वापर विचारात घेतला आहे.

उगम : या सायकलचा जनक कोण, यावर एकमत नाही. सर्वांत जुना दाखला म्हणून अमेरिकी लष्कराच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या सायकलपथकाकडे बोट दाखवतात. १८९७ मध्ये हे पथक माँटॅना राज्यातील मिझूलाहून सेंट लुईसपर्यंत सु. ३,००० किमी. गेले. मात्र त्यांच्या सायकली रस्त्याच्याच होत्या. वाट वाईट होती, इतकेच. दुसरा पक्ष फ्रान्सचा. पॅरिसच्या परिसरातील सु. वीस तरुणांच्या एका गटाने १९५१ ते १९५६ च्या दरम्यान ६५०-बी या मापाच्या चाकांच्या सायकलींत फेरफार करून त्या रानवाटांवर चालवल्या. इंग्लंडात १९५५ मध्ये ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन झाली. तिचा भर सायकलीपेक्षा भटकंतीवर होता. कॅलिफोर्नियात जॉन फिन्ली स्कॉट यांनी १९५३ मध्ये जाड बलून टायर, सरळ हँडल, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) व कँटिलिव्हर (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) ब्रेक एकाच सांगाड्यावर आणले. यंत्र म्हणून पाहता आजच्या सायकलची बहुतेक अंगे त्यात आहेत. परंतु त्यापासून परंपरा निर्माण झाली नाही.

प्रचलित मत मरिन परगण्याच्या बाजूने आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील माउंट टॅमलपायस या डोंगराच्या उतारांवर १९७० च्या दशकात काही तरुण १९३०–४० च्या काळातील श्विन कंपनीच्या जुन्या, अवजड सायकली पळवत. ऑक्टोबर १९७६ मध्ये तेथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. सु. तीन किमी.त सु. ४०० मी. उतरणाऱ्या या वाटेवर मागच्या कोस्टर ब्रेकच्या (पायडल उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकच्या) हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यभागातील, ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास याच कामासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा सांगाडा बनवला. १९७९ मध्ये टॉम रिची यांनी बांधलेले सांगाडे घेऊन गॅरी फिशर व चार्ली केली यांनी विक्री सुरू केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ आली व ही सायकल कारखान्यातून बाहेर पडू लागली. मरिनच्या दाव्याला छेद जातो तो कुपर्टिनो गावच्या ‘मॉरो डर्ट क्लब’मुळे. या मंडळींनी १९७४ च्या सुमारासच जुन्या सायकलींना डिरेलर व हँडलवरून चालणारे गिअर बसवले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एका सायक्लोक्रॉस (सायकलच्या रानवाटांवरील शर्यतीच्या) स्पर्धेत मरिनकरांनी ते पाहिले, असे सांगितले जाते. जोडून केलेली सायकल आणि मुळातच त्या कामासाठी घडवलेली सायकल असा भेद केला, तर वाद बराचसा निवळतो. त्या अर्थाने ब्रीझ यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला.

भारतात सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली साधारणपणे १९८० च्या दशकाच्या अखेरीस व १९९० च्या दशकात पसरल्या. लुधियानाच्या हीरो कंपनीच्या ‘रेंजर’चे नाव पुढे सगळ्या जातीलाच चिकटले. कोकणात त्या आल्या त्या प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी. हौशी सायकलस्वारांच्या आयात मॉडेलांचा वावर बराच अलीकडचा आहे.

भूमी व वाटा : सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांमधील ही पट्टी या भागात साधारणतः ४० ते ६० किमी. रुंद आहे. तिचा बराच भाग जांभ्याच्या सपाट माथ्यांनी, म्हणजे सड्यांनी, व्यापलेला असून नद्यांनी आणि खाड्यांनी तो कापून काढला आहे. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील नमुन्यांवरून या खडकाला लॅटेराइट हे नाव दिले. घाटमाथ्यावरचा उंच जांभा आणि किनाऱ्यालगतचा सखल जांभा एकाच काळातला की नाही, याबद्दल भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. टायरला मात्र दोन्ही सारखेच कापतात. उघड्या कातळाची भोके धारदार असतात, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत वाढले की खाचखळगे दिसत नाहीत. सर्वांत मोठा धोका सोडून दिलेल्या चिरेखाणींचा आहे. सपाट सड्यावर कोणतीही खूण नसता एकाएकी कित्येक फूट खोल, काटकोनात कापलेला खड्डा समोर येतो. अनोळखी सड्यावर दिवेलागणीनंतर सायकल घालू नये, असे गुराखीही सांगतात ते यामुळेच.

उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी इ. ठिकाणच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांची २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नोंद झाली. या आकृती कातळात उथळ खोदलेल्या आहेत. त्यांवरून चाके नेणे टाळावे हे उघड आहे, तरी काही आकृती गाडीवाटेच्या इतक्या जवळ आहेत की ओलांडल्याचे कळतही नाही.

वस्तीतल्या वाटांची तऱ्हा वेगळी. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणे). पुढे पऱ्या (ओहोळ) आणि त्यावरचा साकव (लहान पूल). येथे सायकल चालवायची कमी आणि उचलायची जास्त. सागरी मार्गाने जाणाऱ्याला वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेऱ्यांनी खाड्या ओलांडाव्या लागतात. फेरीबोटीत सायकल ढकलत नेता येते. लहान तरीत (होडीत) मात्र ती उचलूनच चढवावी लागते.

वजन : सायकल घेताना कोकणातही पहिला प्रश्न ‘वजन किती?’ हाच असतो. मरिनमधील जुन्या सायकली सु. २० किग्रॅ. वा अधिक भरत. ब्रीझ यांची पहिली सायकल सु. १७ किग्रॅ.ची होती. आजच्या बाजारात पोलादी सांगाड्याची साधी गिअरची सायकल १७ ते २० किग्रॅ., ‘डबल शॉकर’ (पुढे व मागे हादरे शोषणारे शॉकअप असलेली) त्याहून थोडी अधिक, अ‍ॅल्युमिनियमची पुढे शॉकअप असलेली १३ ते १६ किग्रॅ. आणि शर्यतीची कार्बन सायकल १० ते १२ किग्रॅ. भरते. रस्त्यावरील शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने घातलेली ६.८ किग्रॅ.ची किमान मर्यादा येथे अप्रस्तुत आहे. स्टँड, मडगार्ड, कॅरिअर व कुलूप-साखळी मिळून दीड-दोन किलोंची भर पडते. विक्रेत्याने सांगितलेल्या वजनात ती सहसा धरलेली नसते.

वजनाचा परिणाम चढावर मोजता येतो. स्वार, सायकल व सामान मिळून ९० किग्रॅ. धरले, तर ६०० मी. उंची गाठण्यास गुरुत्वाविरुद्ध सु. ५३० किलोजूल ऊर्जा लागते. समुद्रसपाटीपासून सु. ७०० मी.वर असलेल्या आंबोलीचा घाट साधारण याच मापाचा आहे. सतत १५० वॅट देऊ शकणाऱ्या स्वाराला, घर्षण वगळून, यास सु. ५९ मिनिटे लागतील. पाच किलो कमी केल्यास सु. साडेपंचावन्न. साडेतीन मिनिटांच्या या फरकासाठी मोजावी लागणारी किंमत पाहता शर्यत न खेळणाऱ्याने येथेच थांबावे, असे वाटते.

गिअरचे दाते याहून जास्त काम करतात. बाजारातील बहुसंख्य सायकलींवर पुढे लहानात लहान २४ दातांची व मागे मोठ्यात मोठी २८ दातांची चकती असते. २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सु. १.७७ मी. पुढे जाते. १० टक्के चढावर मिनिटाला ६० फेरे राखायचे तर केवळ गुरुत्वाविरुद्ध सु. १५५ वॅट द्यावे लागतात. हीच जोडी २२ व ३४ दातांची असेल, तर एका फेऱ्यात सु. १.३४ मी. अंतर कापले जाते आणि ११८ वॅटमध्ये काम भागते. वेग अर्थात तितका उतरतो. मूळ जोडी तशीच ठेवून पाच किलो वजन घटवले, तर वाचतात जेमतेम ८ ते ९ वॅट. २९ इंची चाकांच्या नव्या सायकलींवर पुढे एकच ३२ दातांची व मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) येते. कागदावर हे गुणोत्तर सर्वांत हलके दिसते, पण चाक मोठे असल्याने एका फेऱ्यात सु. १.४४ मी. जावे लागते, म्हणजे जुन्या २२–३४ पेक्षा ते किंचित जडच.

फिरत्या भागाचे वजन ‘दुप्पट लागते’ हा समज अर्धवट खरा आहे. रिमवरील वजन वेग वाढवतानाच दुप्पट मोजले जाते. एकसारख्या गतीच्या चढावर ते इतर वजनासारखेच. रिममधील अर्धा किलो शून्यापासून ताशी २० किमी.पर्यंत नेण्यास सु. १५ जूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत स्वारासह सायकल पावणेदोन सेंटिमीटर वर उचलली जाईल. किनारी रस्त्यावर वजन छळते ते वेगळ्या कारणाने. खाडीपासून सडा, सड्यावरून पुन्हा खाडी, असे शे-दीडशे मीटरचे चढउतार दिवसभर चालू राहतात आणि उताराला वळणे व गुरे इतकी, की चढताना कमावलेली उंची ब्रेकमध्येच खर्च होते. आणि पाखाडीला, साकवावर, तरीत चढवताना वजन पायाला नव्हे, खांद्याला कळते. चढाच्या हिशेबापेक्षा हा खांद्याचा हिशेब कोकणात अधिक निर्णायक मानावा. १३–१४ किलोंची सायकल एका हाताने उचलता येते. २० किलोंची येत नाही.

साधनसामग्री व खारी हवा : स्प्रिंगचा स्वस्त शॉकअप अडीच ते तीन किलोंचा असतो, हवेचा साधारण पावणेदोन किलोंचा, आणि साधा पोलादी चिमटा (पुढचे चाक धरणारा दुफाटा भाग) त्याहून बराच हलका. स्वस्त शॉकअपच्या नळ्यांवरील मुलामा खाऱ्या हवेत उडतो, नळ्यांना गंज धरला की आतली सीले कापली जातात आणि दोन पावसाळ्यांत तो निव्वळ वजन म्हणून उरतो. तेव्हा या भागात बिनशॉकअपचा चिमटा व जाड टायर ही जोडी कमी लेखू नये. २.१ ते २.२५ इंची टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, तर सड्यावरचा बराचसा हादरा टायरच पितो. फार कमी हवेत कातळाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चेपून फाटते. ट्यूबलेस टायरमधील चिकाचे द्रावण उन्हाळ्यात लवकर सुकते. ते अधूनमधून पुन्हा भरावे लागते.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे. पोलादी सांगाड्यातील अ‍ॅल्युमिनियमची सीटनळी मिठाच्या ओलाव्यात विद्युत-रासायनिक क्रियेने जागीच चिकटते आणि मग ती कापूनच काढावी लागते. वर्षातून दोनदा नळी उपसून ग्रीस लावणे एवढाच यावरचा उपाय. पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरची, ओली वाळू ओहोटीला डांबरासारखी कडक असते. गुहागर, मुरुड वा केळशीला तिच्यावरून सायकल नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतली नाही, तर दुसऱ्या दिवशी चेनवर तांबूस थर आलेला दिसतो. धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नये.

जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की तिचा खरवड लेप बनतो व चेन, दाते आणि रिम झिजवतो. चेन अर्ध्या ते पाऊण टक्क्याने लांबली की बदलावी, नाहीतर कॅसेटही बदलावी लागते. घरचे खोबरेल वापरण्याची पद्धत आहे. ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरते. पावसाळ्यात रिमब्रेकपेक्षा डिस्कब्रेक बरे, त्यातही धातुमिश्रित पॅड लाल चिखलात जास्त टिकतात. हायड्रॉलिक ब्रेकच्या ‘डॉट’ वर्गातील द्रव हवेतील ओलावा शोषतो, खनिज तेल शोषत नाही. दमट किनाऱ्यावर हा फरक लक्षात घ्यावा. दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळल्यास सीले निकामी होतात.

दुरुस्ती व नित्याच्या अडचणी : गावच्या सायकल दुकानात पंक्चर, रिमचा आउट (डुगडुग) काढणे, छर्रे बदलणे ही कामे उत्तम होतात. त्यामुळे बंदिस्त बेअरिंगपेक्षा सुट्या छर्ऱ्यांचे हब येथे सोयीचे पडतात. अकरा-बारा गिअरची चेन, डिरेलरचा हँगर (तो सांगाड्याला जोडणारा तुकडा) आणि २९ इंची ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळेलच असे नाही. हँगर प्रत्येक सांगाड्याचा वेगळा असल्याने एक सुटा जवळ बाळगतात. बीबीच्या (पायडलच्या आसाच्या) कोशाला तळाशी भोक नसल्यास पावसाचे पाणी सांगाड्यात साठून राहते. चढाला रहदारीचा त्रास मुंबई–गोवा महामार्गावर अधिक, सागरी मार्गावर कमी. वाड्यांतून रात्री कुत्री मागे लागतात. दमट हवेत हेल्मेटच्या आतल्या गाद्या लवकर कुबट होतात, त्या काढून धुता येणाऱ्या असाव्यात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाहेरून येणारे सायकली कोकण रेल्वेने आणताना त्या सामान म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवतात. लहान स्थानकांवर गाडी क्षणभरच थांबत असल्याने रत्नागिरी वा कुडाळसारख्या मोठ्या स्थानकापर्यंतची नोंद सोयीची ठरते. डिरेलर सोडवून सांगाड्याच्या आतल्या बाजूला बांधला, तर चढउतरणीत हँगर वाकत नाही.