व्हे प्रोटीनने किडनी खराब होते?
"पावडर सुरू केलीस की किडनी गेलीच म्हणून समज," हा सल्ला व्यायामाला लागलेल्या नवख्याला हमखास मिळतो. मुळात व्हे म्हणजे चीज करताना दूध फाटल्यावर उरणारी निवळी, गाळून वाळवलेली. स्टेरॉइडशी तिचा काही संबंध नाही.

या समजाला आधार आहे, पण निष्कर्ष चुकलाय. प्रथिनं वाढली की युरिया (प्रथिनं वापरल्यावर उरणारा टाकाऊ पदार्थ) वाढतो आणि किडनी जास्त वेगाने गाळू लागते. निरोगी किडनीला हे झेपतं; त्याने ती निकामी होते असा पुरावा नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूही नये.

हिशेब दिवसभराचा करा. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६० किलोला ८४ ते १२०. जेवणातून ७० मिळत असतील तर ३० ग्रॅमचा एक स्कूप (साधारण २४ ग्रॅम प्रथिनं) बास.

पोट फुगतं ते बहुतेकदा लॅक्टोजमुळे. कॉन्सन्ट्रेटऐवजी (साधी व्हे पावडर) आयसोलेट (जास्त गाळलेली, लॅक्टोज अगदी कमी असलेली) घेऊन बघा. आणि शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर. उलट केलंत की तळाशी चिकट गोळा बसतो. उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात, प्रथिनं मात्र वाया जात नाहीत.