क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या बांधकामात स्थानिक झाडांची योजना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्रिकेट, टेनिस, मल्लखांब किंवा धावण्याच्या सरावासाठी केंद्र उभारू इच्छिणारे बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा इमारतीचा आराखडा पक्का झालेला असतो आणि उरलेल्या जागेत थोडी हिरवळ करून द्यावी, एवढीच अपेक्षा असते. आमची विनंती अशी आहे की, वास्तुविशारदाच्या पहिल्या बैठकीलाच झाडांचा विषय निघावा. मुंबईत ऊन अडवणे, पाणी जिरवणे, खारा वारा आणि धूळ रोखणे ही कामे झाडे चांगली करतात. मात्र ती कुठे उभी राहतील, हे भिंती, पायऱ्या आणि गटारे यांच्यासोबतच ठरवावे लागते.

मैदानाची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवण्याची पद्धत आहे, जेणेकरून कललेले ऊन खेळाडूंच्या थेट डोळ्यांवर येऊ नये. अशा मैदानात प्रेक्षकांचा पायऱ्यांचा ओटा पश्चिमेला घ्यावा आणि त्याच्या मागे झाडांची रांग लावावी, असे आम्ही सुचवतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना ९ मीटर उंचीच्या झाडाची सावली सुमारे साडेपंधरा मीटर लांब पडते. म्हणजे संध्याकाळच्या सरावाच्या वेळी ओटा आणि मैदानाची कड दोन्ही सावलीत येतात. तीच सावली खेळपट्टीवर मात्र येऊ देऊ नये, कारण अर्ध्या उन्हात आणि अर्ध्या सावलीत फलंदाजाला चेंडू नीट दिसत नाही आणि खेळपट्टीही ओलसर राहते. शिवाजी पार्कचा कट्टा ज्यांनी वापरला आहे, त्यांना मैदानाच्या कडेची झाडे आणि बसण्याची जागा एकत्र असण्याचे सुख वेगळे सांगायला नको. आणखी एक बाब बहुधा नजरेतून सुटते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या व्हरांड्याला ऊन लागत नाही हा समज पाऊस सुरू होईपर्यंतच्या, म्हणजे नेमक्या उन्हाळी शिबिरांच्या दिवसांत खोटा ठरतो.

झाड निवडताना ते स्थानिक आहे, एवढे पुरेसे नाही. ते खेळाच्या जागेजवळ कसे वागते, हे पाहावे लागते. उंडी समुद्राच्या वाऱ्याला दाद देत नाही आणि वर्षभर हिरवी राहते, म्हणून वर्सोवा किंवा वरळीसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात आम्ही ती आवर्जून लावतो. परंतु तिची गोल, टणक फळे धावपट्टीवर पडली तर पाय मुरगळलाच म्हणून समजा. त्यामुळे तिची जागा कुंपणापाशी. जांभळाचे तसेच: मे-जूनमध्ये खाली पडलेल्या फळांनी फरशी निसरडी होते आणि सिंथेटिक टर्फवर डाग पडतात. ओट्यामागे आमची पहिली पसंती करंजाला असते. त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकते आणि ऐन मेमध्ये दाट सावली मिळते. प्रवेशद्वारापाशी ताम्हण किंवा बकुळ शोभते. वड, पिंपळ आणि नांद्रुक यांच्या मुळांनी धावपट्टी, टाक्या आणि कुंपणाच्या भिंती उचलल्या जातात. त्यांना मोठी, मोकळी जागा देता येत नसेल तर ती लावू नयेत. पांगारा आणि काटेसावर काट्यांमुळे मुलांच्या वाटेवर नकोत, पण बाहेरच्या कुंपणाला करवंदाची काटेरी जाळी तारेपेक्षा उजवी ठरते.

पश्चिमेच्या भिंतीला वेल थेट चिकटवू नये. भिंतीपासून सुमारे दीड फुटावर लोखंडी जाळी उभारून तिच्यावर कुसर किंवा माधवलता चढवल्यास मधून हवा खेळते, भिंतीत ओल धरत नाही आणि रंगकामालाही वाट राहते. वेलींनी भरलेली जाळी पावसाळी वाऱ्यात शिडासारखी ताणली जाते, म्हणून तिचे आधार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्यावेत. चेंडू अडवण्याच्या नेटवर मात्र वेल नको. नेट कुजते आणि चेंडूही सापडत नाही.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ५०० चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०,००० लिटर पाणी खाली येते. हे पाणी पन्हाळातून थेट गटारात न सोडता मैदानाच्या कडेच्या उथळ चरात घ्यावे. चरात वाळा लावला की त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात. चरातले पाणी दोन दिवसांत ओसरलेच पाहिजे, अन्यथा तेथे डासांची पैदास होईल आणि महापालिकेची नोटीस येईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा पाऊस कोणताही चर पेलणार नाही, म्हणून जादा पाण्यासाठी पावसाळी गटाराला वेगळी जोडणी ठेवावीच लागते.

पार्किंगच्या छतावर बाग हवी असल्यास झुडपांना साधारण ६०० मिलिमीटर आणि लहान झाडांना किमान एक मीटर माती लागते. एक मीटर ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास जाते. स्लॅब ओतल्यानंतर हा विचार करून काहीच उपयोग नाही.

जागेवर आधीपासून असलेली झाडे शक्यतो आराखड्यात सामावून घ्यावीत. ती तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खोडाभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवावी. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवणे ही मुंबईची जुनी खोड आहे. स्थानिक रोपांनाही पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. त्यानंतर त्यांची गरज बरीच घटते.

पहिल्या भेटीला येताना जागेचा सर्व्हे नकाशा, सध्याच्या झाडांच्या नोंदी, पावसाळी गटाराची पातळी आणि सरावाच्या वेळांचे वेळापत्रक सोबत आणावे. लागवड जूनमध्ये व्हायची असेल तर रोपांची मागणी आदल्या हिवाळ्यात नोंदवावी लागते, कारण उंडी, कुसर किंवा करवंद यांची वाढलेली रोपे प्रत्येक रोपवाटिकेत तयार मिळतातच असे नाही.